समुद्रातला बारका जीव ओळखायचा, तर खर्च किती?

तारकर्लीच्या स्कूबाचा व्हिडिओ आता आळे, ओतूर, नारायणगाव, मंचर इकडच्या कितीतरी मोबाइलमध्ये आहे. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, वर निघालेले बुडबुडे, पावाच्या तुकड्यासाठी जमलेले काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आणि बोटांनी केलेली ‘ओके’ची खूण. व्हिडिओ मध्येच थांबवून मागच्या खडकाकडे पाहिलं, तर तिथे काहीतरी जांभळं असतं, काहीतरी पिसासारखं हलत असतं, काहीतरी पांढऱ्या फितीसारखं गुंडाळलेलं असतं. ते काय होतं हे विचारायला तेव्हा सवड नसते, आणि नंतर त्या व्हिडिओवरून जाणकारालाही सांगता येत नाही.

हा लेख त्या मागच्या खडकासाठी आहे. समुद्री गोगलगायी, चपटे कृमी, बोटाच्या पेराएवढी कोळंबी, शंखात घर केलेले खेकडे हे जीव पाहायचे आणि त्यांना नावानिशी ओळखायचं, तर आळेफाट्यावरून निघणाऱ्या माणसाला किती खर्च येतो, आणि त्यातला कुठला खर्च खरोखर करावा? ओळख पटवून घ्यायला जवळजवळ काहीच पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते ओळख पटेल असा फोटो मिळवायला. बहुतेक लोक याच्या उलट करतात. प्रवास, हॉटेल आणि पॅकेजवर सगळं बजेट संपवतात आणि हाती येतो तो आपल्याच चेहऱ्याचा व्हिडिओ.

खाली दिलेले दर म्हणजे साधारण पट्टे आहेत. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात ते चढतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्या.

आधी मुंबई, पाण्यात न उतरता

डायव्हिंगच्या लेखात हा सल्ला विचित्र वाटेल, पण मी तो आग्रहाने देतो: पहिली फेरी मुंबईच्या किनाऱ्यावर करा, तीही ओहोटीला. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्याही पुढे जातो. मालवणकडे तो जवळपास निम्मा असतो. त्यामुळे मुंबईत ओहोटीला खडकांचा मोठा पट्टा उघडा पडतो आणि त्यातल्या डबक्यांमध्ये तेच जीव घोटाभर पाण्यात दिसतात, ज्यांच्यासाठी एरवी पाठीवर टाकी बांधावी लागते. हाजीअली, कार्टर रोड, जुहू, गिरगाव चौपाटी ही नेहमीची ठिकाणं आहेत. शहराच्या काठाला प्रवाळसुद्धा आहे. कोस्टल रोडच्या कामाआड आलेली वरळी-हाजीअलीची प्रवाळं २०२० मध्ये दुसरीकडे हलवावी लागली होती. समुद्री गोगलगायींच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच मुंबई आहे: गोनियोब्रँकस बॉम्बेयानस. १९४६ साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं.

‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून अशा किनारा-फेऱ्या काढतो. सोबत जाणकार असतो, तो जागच्या जागी नाव सांगतो आणि दगड उलटून पाहिला तर परत होता तसा ठेवायला लावतो. फेरीची तारीख आणि शुल्क नोंदणीच्या वेळी कळतं.

खर्च असा. आळेफाटा ते कल्याण, माळशेजमार्गे सुमारे एकशे दहा किलोमीटर. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीला सहा किलोमीटरच्या टप्प्यामागे साधारण दहा रुपये पडतात, म्हणजे एका वेळचे दोनशेच्या आतबाहेर. महिलांना निम्मं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. पुढे लोकलचं साधं तिकीट वीस रुपयांच्या आसपास. चहा-जेवण धरून माणशी सातशे ते हजारात फेरी होते. अडचण एकच आहे: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत मोठी ओहोटी सकाळी सहा-सातला आणि पुन्हा संध्याकाळी सहा-सातला लागते. सकाळची गाठायची तर आदल्या रात्री पोहोचायला हवं. जुन्नर-आंबेगावातल्या घरटी एखादा माणूस मुंबईत डबे पोहोचवतो किंवा नोकरी करतो, तेव्हा मुक्कामाचा प्रश्न बहुतेकांना पडू नये. संध्याकाळी गेलात तर टॉर्च लागेल, आणि भरती वळायच्या आत खडकावरून मागे फिरायला हवं.

या फेरीला दोनच वस्तू घ्या: दहापट मोठं दाखवणारं हातातलं भिंग, तीनशे ते सहाशे रुपये, आणि शेवाळावर न घसरणारे, पायाला पक्के बसणारे बूट. मोबाइलसाठीची पाण्याची पिशवी तीनशेपासून मिळते. डबक्यावर वाकून फोटो काढायला ती ठीक आहे, मात्र पाण्याखाली पाच-सहा मीटरवर तिच्यावर भरवसा ठेवू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये जुहू, आक्सा या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल वाहून येतात. मेलेले दिसले तरी त्यांचे दोरे डंख मारतात. शंकूच्या आकाराचा जिवंत शंखही हातात घेऊ नये, त्याच्या आतल्या गोगलगायीला विषारी काटा असतो.

मालवण: नेमके पैसे कुठे द्यायचे

कल्याणवरूनच पुढे ठाण्याला जा आणि कोकण कन्या धरा. रात्री बाराच्या सुमारास ठाणे, सकाळी कुडाळ. स्लीपरचं तिकीट चारशेच्या आसपास. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी आहे. आळेफाट्यापासून एका बाजूचा खर्च साडेसहाशे ते सातशे. चार जण मिळून गाडीने गेलात, तर जाऊन-येऊन हजारेक किलोमीटर होतात. पेट्रोल आणि टोल मिळून माणशी सतराशे-अठराशे. रेल्वे स्वस्त तर आहेच, पण तिचा दुसरा एक मोठा फायदा आहे, तो पुढे सांगतो.

साधी खोली दोघांना दीड ते अडीच हजार, माशांचं ताट अडीचशे ते पाचशे. स्कूबाचे मात्र दोन वेगळे बाजार आहेत. किनाऱ्यावर पॅकेजमध्ये मिळणारी बुडी पाचशे ते पंधराशेला पडते. तीत होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांपर्यंत नेतात, एक माणूस तुम्हाला धरून ठेवतो, पाच-सात मीटर खाली दहा-पंधरा मिनिटं मिळतात. दुसरा प्रकार म्हणजे आधी तरणतलावात श्वास घ्यायला शिकवून मग समुद्रात नेणं. त्याचे अडीच ते साडेतीन हजार होतात. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, काही खासगी केंद्रंही तलावात शिकवतात.

बारके जीव पाहायचे असतील तर दुसराच प्रकार घ्या. कारण साधं आहे. ज्याला श्वासाचीच धास्ती आहे, त्याची नजर खडकावरच्या सेंटीमीटरभर जिवावर टिकत नाही. तलावात अर्धा तास घालवलेला माणूस समुद्रात गेल्यावर पहिल्या मिनिटापासून बघायला लागतो. वरचे दीड-दोन हजार त्या मिनिटांचे आहेत, आणि या सगळ्या सहलीत याहून सार्थकी लागणारा खर्च नाही.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का? खाली नेणाऱ्याकडे कुठल्या संस्थेचं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे? एका प्रशिक्षकामागे किती जण असतील? मग आपलं मागणं सांगा: ‘माझा व्हिडिओ नको, खडक दाखवा. माशांना पाव टाकू नका.’ मालवणच्या किनाऱ्यावरचे अनेक तरुण डायव्हर मच्छीमार घरांतले आहेत. कुठल्या कपारीत काय बसतं हे त्यांना ठाऊक असतं, पण गिऱ्हाईक कधी विचारत नाही. विचारलंत की माणूस खुलतो. नेहमीच्यापेक्षा जादा वेळ दिला तर शे-दोनशे वर द्यायला हरकत नसावी.

दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, गरोदरपण असेल तर उतरू नका, आणि सर्दी झालेली असेल तर पैसे परत मागून घ्या. दहा वर्षांखालच्या मुलांना टाकी लावू देऊ नका. त्यांच्यासाठी स्नॉर्केल पुरेसं आहे.

एवढं सगळं धरून, रेल्वेने जाऊन दोन मुक्काम, जेवण आणि तलाव-प्रशिक्षणासह एक बुडी यांचा हिशेब माणशी आठ हजारांच्या आसपास बसतो.

घाट चढण्याआधी

देशावरच्या माणसाला हे कुणी सांगत नाही. बुडी मारल्यावर शरीरात जादा नायट्रोजन विरघळलेला असतो, तो हळूहळू बाहेर पडतो. लगेच उंचीवर गेलं तर त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. विमानाचा नियम म्हणूनच आहे: एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्या किंवा सलग दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान १८ तास थांबायचं. हा नियम सहाशे मीटरच्या वरच्या उंचीलाही लावतात. आंबोली घाटाचा माथा सातशे मीटरच्या जवळ आहे, आणि आपलं आळेही सहाशेच्या आसपास. म्हणजे दुपारी बुडी मारून संध्याकाळी गाडीने घाट चढणं टाळलेलंच बरं. उथळ पाण्यातल्या एका छोट्या बुडीला धोका कमी असतो, पण दिवसात दोन-तीन खोल बुड्या मारणाऱ्याने एक मुक्काम वाढवायचाच. तो खर्च आधीच बजेटमध्ये धरा.

कोकण रेल्वेचा फायदा तो हाच. दुपारी पाण्याबाहेर आलात, रात्री कुडाळला गाडीत बसलात की पहाटे ठाण्याला उतरेपर्यंत समुद्रसपाटीच्या जवळपासच असता. माळशेज चढेपर्यंत अठरा तास सहज होऊन जातात, आणि मुक्कामाचे पैसे वाचतात.

कॅमेरा: इथे घाई नको

डायव्हर वापरतात तो छोटा अॅक्शन कॅमेरा लांबचं दृश्य झकास टिपतो, पण हातभर अंतराच्या आत त्याचा फोकस बसत नाही. ओळख न पटणारे व्हिडिओ तिथूनच येतात. तीस-चाळीस हजारांचा असा कॅमेरा बारक्या जिवांसाठी घेऊ नका.

यासाठी लोकांच्या पसंतीचा एक छोटा कॅमेरा आहे, ऑलिंपसची टीजी मालिका, आता ओएम सिस्टीमच्या नावाने मिळते. वेगळ्या डब्याशिवाय तो १५ मीटरपर्यंत पाण्यात चालतो आणि एक सेंटीमीटरवरून फोटो काढतो. नवा पंचेचाळीस ते साठ हजारांना पडतो. एवढे पैसे पहिल्या वर्षी घालायची गरज नाही. मोठ्या डायव्हिंग केंद्रांवर कॅमेरा भाड्याने मिळतो, बुडीमागे हजार-दोन हजार. चार मित्रांनी मिळून जुना घेतला तर आणखी परवडतो.

कॅमेऱ्याआधी टॉर्च घ्या, पाण्याखाली चालणारा, तीन ते आठ हजार. पाणी लाल रंग आधी शोषून घेतं, त्यामुळे पाच-सहा मीटरवर लाल जीव तपकिरी किंवा काळा दिसतो. टॉर्च मारला की खरा रंग उजळतो, आणि ओळख पटायला खरा रंग हवा.

काय टिपायचं

कांद्याच्या पातीच्या बेचक्यातले फुलकिडे शोधायची ज्याला सवय आहे, त्याचा डोळा या कामाला तयारच आहे. अंगाचा पोत, शिंगं, काठावरची रेघ आणि ‘कशावर बसलंय’ एवढंच तिथेही बघायचं असतं.

एखाद्या समुद्री गोगलगायीचं उदाहरण घ्या. पाठीवर शंख नाही, लांबी नखाएवढी. डोक्यावर दोन उभी शिंगं असतात, गंध आणि चव कळायला. ती गुळगुळीत आहेत की त्यांच्यावर वळ्या आहेत, हे पाहा. मग मागचा भाग पाहा. तिथे पिसांचा छोटा गुच्छ उमललेला असेल तर ते कल्ले आहेत. थोडी सावली पडली की ती गुच्छ आत ओढून घेते, म्हणून हात वरून आणू नका. गुच्छ नसून सगळ्या पाठीवर बोटांसारखे मऊ उंचवटे असतील, तर तो वेगळाच गट. हे जीव हायड्रॉइड नावाच्या पिसासारख्या डंखऱ्या वसाहती खातात, आणि खाल्लेले डंख न पचवता त्या बोटांच्या टोकांत साठवून आपल्याच रक्षणाला वापरतात. त्यांची शिकार करायला आलेला मासा तोंड भाजून परत जातो.

अंगाच्या काठाला किती रेघा आहेत, त्यांचा बाहेरून आत क्रम काय, हे फोटोत यायलाच हवं. कित्येक जाती फक्त त्यावर वेगळ्या होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालचा खडक. पुष्कळ गोगलगायी एका विशिष्ट स्पंजावर किंवा हायड्रॉइडवरच जगतात. स्पंज ओळखला की अर्धी ओळख झाली. जवळच पांढरी किंवा नारिंगी फीत गोल गोल गुंडाळून चिकटवलेली दिसली, तर ती तिची अंडी. अंडीही स्वतंत्र फोटोत घ्या.

कागदासारखं पातळ, काठाच्या लाटा करत सरकणारं रंगीत काही दिसलं, तर बहुतेक तो चपटा कृमी. त्याला कल्ल्यांचा गुच्छ नसतो, आणि शिंगांसारखं जे दिसतं ती पुढच्या काठाची घडी असते. नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

एका जिवाचे तीन फोटो पुरतात: वरून सबंध, बाजूने डोकं, आणि थोडं मागे सरून आजूबाजूची जागा. मोजमाप कळावं म्हणून पेन्सिल शेजारी धरा, स्पर्श करू नका. पाण्याखाली लिहायची पाटी तीनशे ते सहाशेला मिळते. तिच्यावर तारीख, ठिकाण, खोली, लांबी, कशावर होता आणि काय करत होता, एवढं लिहा.

वर काहीही आणू नका. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान पंचवीस हजार दंड आणि तीन ते सात वर्षं कैद आहे. किनाऱ्यावर कुणी प्रवाळाचा तुकडा विकायला आणला तर तोही घेऊ नका. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

नाव मिळवणं फुकट

आयनॅचरलिस्ट हे अॅप मोफत आहे. फोटो, तारीख आणि जागा टाकली की ते अंदाज सुचवतं, मग जगभरचे जाणकार तपासतात. अॅपच्या पहिल्या सूचनेवर विसंबू नका. ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाचे फोटो तिथे जास्त, म्हणून तिकडची जात आधी सुचते. सुचवलेल्या जातीची नोंद आपल्या किनाऱ्यावर आधी झाली आहे का, हे तिथेच पाहता येतं. मिळालेलं शास्त्रीय नाव आज वैध आहे की बदललं, हे ‘वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज’ या मोफत यादीत तपासा. फोटोवरून कधी फक्त जातीच्या वरच्या गटापर्यंत पोहोचता येतं. तीही पक्की आणि उपयोगाची नोंद आहे, ओढूनताणून पुढचं नाव लावू नका.

परदेशी ओळख-पुस्तकं तीन ते सहा हजारांची असतात. ती नंतर घ्या. शंखशिंपल्यांची आवड असेल तर दीपक आपटे यांचं ‘सी शेल्स ऑफ इंडिया’ आधी घ्या, ते आपल्याच किनाऱ्यांवरचं आहे. अगदीच अडलं तर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीत आहे, नाशिक फाट्यावरून पुढे. फोटो आणि पाटीवरची नोंद आधी पाठवून, वेळ घेऊन जा. शाळेच्या सहलीने काढलेले फोटो असतील तर शिक्षकांनी शाळेच्या पत्रावर लिहावं.

पुढची पायरी

आवड टिकली तर चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स करा, पंचवीस ते चाळीस हजार. त्यानंतर १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत उतरता येतं. मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट रस्त्याने गाठता येतं, तिथे पाणी मालवणपेक्षा बऱ्याचदा स्वच्छ असतं, आणि पहिल्या बुडीला पाच-साडेसहा हजार पडतात. अंदमानात स्वराज द्वीपला जीव विपुल, पण विमान, बोट, मुक्काम आणि कोर्स मिळून माणशी सत्तर हजार ते लाख होतात. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून आत असलेला आंग्रे बँक हा प्रवाळांचा मोठा उंचवटा हौशी पर्यटकाच्या आवाक्यात नाही. तिथे संशोधकांच्या मोहिमा जातात.

तारीख कशी धरायची

पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं. चैत्रातली आळ्याची रेडा समाधीची यात्रा उरकली की इकडच्या सहली निघतात, पण तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही जास्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त चांगला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी पाहा. मुंबईच्या ओहोटी-फेरीला अमावास्या-पौर्णिमा किंवा त्यानंतरचे एक-दोन दिवस धरा. मालवणच्या बुडीला मात्र उधाण नको, भांगाचे दिवस हवेत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपासचे, कारण पाण्याची ओढ कमी असली की गाळ कमी उठतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुटतं आणि कोकण कन्याचं स्लीपर लवकर भरतं. तिथी आधी ठरवा, त्यावरून साठ दिवस मागे मोजा आणि त्या सकाळी आठला तिकीट काढा. परतीचं तिकीट बुडीच्याच दिवशीच्या रात्रीच्या गाडीचं घ्या.